भट्टीवाल्याची लेक

लठ्ठपणाच्या अभ्यासाला माझ्यासारखी बाई सोबत घेऊन फिरायचं, हा मिनाजचा पहिला आगाऊपणा. मी मोनिका. माहेर तेर, सासर उमरगा, आणि अंगानं अशी की वडापच्या जीपमध्ये मी चढले की ड्रायव्हर आधी टायरकडं बघतो. वजनकाटा, उंची मोजायची दांडी, टेप आणि एक जुनी चादर असं सामान घेऊन आम्ही गावात शिरलो की पारावरचा कुणीतरी विचारायचाच, "बाई, पोरांचं मोजणार का तुमचं?" मी जी उत्तरं द्यायचे ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. मिनाज मात्र तिथंच थांबायची आणि शांतपणे म्हणायची, "काका, तुमचंही मोजू. या, उभे राहा." मग काका तंबाखू थुंकायच्या निमित्तानं उठून जायचे.

मिनाज डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नाही. हे समजावता समजावता आमचे निम्मे दिवस जायचे, कारण डॉक्टरीण आली म्हटलं की म्हाताऱ्या गुडघे पुढं करायच्या. तिची डॉक्टरकी सार्वजनिक आरोग्याची, त्यातही लहान मुलांच्या खाण्याची. कोणती मुलं काय खातात, त्यातून अंगाला काय लागतं, काय लागत नाही, कुणाचं पोट का सुटतं आणि कुणाची उंची का खुंटते, हे ती गावोगाव फिरून मोजते. पुण्याच्या एका संस्थेत ती शिकली. तिथल्या सरांनी सांगितलं होतं, कुपोषण बघायचं तर आदिवासी भागात जा, आणि लठ्ठपणा बघायचा तर पुण्यातच बघ. हिनं उत्तर दिलं, "सर, आमच्या तालुक्यात दोन्ही एकाच घरात सापडेल." सर हसले म्हणे. हिला कुणी हसलं की ही ते काम करूनच दाखवते. तर ती पुणं सोडून मुरुमला परत आली, वडिलांच्या घरी.

तिचे वडील वजीरभाई. मुरुमच्या बाजारात त्यांची भट्टी आहे. खारी, नानकटाई, बटर आणि टोस्ट. नुसत्या टोस्टवर त्यांचं नाव चालतं. पहाटे भट्टी पेटते, सकाळी टोस्टचे डबे सायकलींवर आणि टेम्पोत चढतात, आणि दुपारपर्यंत आसपासच्या साऱ्या गावांतल्या किराणा दुकानांत पोचतात. वजीरभाईंचा एकच अभिमान: त्यांचा टोस्ट चहात बुडवला तर मोडून कपात पडत नाही. गिऱ्हाईकासमोर ते स्वतः बुडवून दाखवतात. अशा माणसाची लेक लेकरांच्या खाण्याचा अभ्यास करायला निघाली, तेव्हा बाजारातल्या लोकांना वाटलं, चला, भट्टीचा माल आणखी खपणार.

मी तिच्याकडं कामाला लागले ती पगारासाठी. टिकले ती त्या चादरीसाठी. पहिल्याच शाळेत गुरुजींनी मुलांची रांग लावली, काटा मध्यभागी ठेवला आणि एकेकाचं वजन मोठ्यानं पुकारायला सुरुवात केली. एका जाडसर पोरीचा आकडा पुकारला तशी सगळी शाळा फिदीफिदी हसली. मिनाजचा आवाज राग आला की चढत नाही, उतरतो. ती गुरुजींजवळ जाऊन हळू म्हणाली, "सर, बास." मग तिनं पिशवीतली चादर काढली, खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या कडीला बांधून आडोसा केला आणि सांगितलं की इथून पुढं कुणाचंही वजन दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही, आणि 'जाड्या' नि 'काडी' हे दोन शब्द ह्या खोलीत चालणार नाहीत. गुरुजी पुटपुटले, "एवढं काय त्यात? लेकरंच हायत." ती म्हणाली, "म्हणूनच."

माझंही वजन एका शाळेत असंच पुकारलं होतं. पुढं मी खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसायला लागले आणि मग बसतच गेले. चादर धरून उभी असताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिनाजनं बघितलं आणि पुढच्या पोरीला स्वतःच आत बोलावलं. त्या दिवसापासून तिच्याविरुद्ध कुणी बोललं तर मी भांडायला पुढं असते, आणि माझ्याशी भांडायला सहसा कुणी येत नाही.

आमच्या कामातली खरी अडचण आया आणि आज्या. लेकराचं वजन केलं की नजर लागते, ही भीती शिकल्यासवरल्यांच्या घरातसुद्धा आहे. काटा बघितला की पदर आडवा यायचा. टेप काढला की लेकरू पळायचं. पण एक गोष्ट मिनाजच्या लक्षात आली. पोटाला टेप लावायला सदरा वर केला की बहुतेकांच्या कमरेला काळा करदोडा दिसायचा, आणि करदोड्याचा विषय काढला की त्याच बाया घडाघडा बोलायच्या. कारण करदोडा आईनं नाहीतर आजीनं आपल्या हातानं बांधलेला असतो. काचायला लागला की तो तीच सैल करते, आणि मागचा कधी सैल केला ते तिला पक्कं आठवतं: पोळ्याला, नाहीतर पंचमीला, नाहीतर अणदूरला खंडोबाला जाऊन आलो तेव्हा. मग मिनाजनं पद्धतच पाडली. आधी ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, करदोड्याचं विचारायचं, आणि बोलणं रंगात आलं की हळूच टेप. पुण्याचे सर फोनवर म्हणाले, "करदोडा हे मोजमाप नाही." ही म्हणाली, "मोजते टेपनंच, सर. करदोड्यानं फक्त दार उघडतं."

मुरुमपासून जवळच एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण पुढं जे घडलं ते ज्यांचं आहे त्यांना अजून त्याच गावात राहायचं आहे. तिथं मालनबाई नावाच्या आजींचं घर. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, सहा वर्षांचा नातू राजपाल आजीपाशी. मिनाजनं करदोड्याचं विचारलं तशी मालनबाई खुलली.

"अगं, दिवाळीपासून दोनदा सैल केलाय. लई अंगी लागलंय लेकराच्या. बघ की पोट कसं भरलंय."

पोट भरलं होतं खरं. करदोड्याची रेघ उमटली होती. पण मी त्याला चादरीआड काट्यावर उभं केलं तर वजन कमी. उंची कमी. दंडाला टेप लावला तर माझ्या अंगठ्यात आणि बोटात मावेल एवढा दंड. मी काटा खालून-वरून बघितला, मला वाटलं बिघडला. मिनाज म्हणाली, "काटा बरोबर आहे. करदोडाही बरोबर आहे."

नंतर वाटेत तिनं मला समजावलं. काटा एकच आकडा सांगतो. त्यात मांस किती आणि चरबी किती ते तो सांगत नाही. लेकराच्या हाडामांसाला लागतं ते मिळालं नाही आणि नुसता मैदा, साखर, तेल पोटात गेलं, तर अंग वाढत नाही, पोट तेवढं सुटतं. असं लेकरू वर बारीक नि आत लठ्ठ असतं. आणि ऐन तिशीत त्याला साखरेची गोळी लागते. आमच्याकडं तिशीतली साखर घरोघरी झालीय, आणि कुठून आली ते कुणी विचारत नाही.

पण ते वाटेत. त्याआधी ओसरीवर तिनं मालनबाईला विचारलं, "आजी, राजपाल खातो काय?"

"भाकरीला तोंडच लावत न्हाय बघ. सकाळी चहा-टोस्ट. शाळंच्या दारात कुरकुऱ्याचं पाकीट. आल्यावर पुन्हा चहा-टोस्ट. अंगणवाडीच्या बाईनं त्याच्या ल्हानपणीच सांगितलं हुतं, वजन कमी हाय, खायाला वाढवा. तवापास्नं म्या दोनाचं चार टोस्ट केलं." मालनबाई अगदी मनापासून सांगत होती. म्हातारीनं आपल्या तोंडचा घास काढून नातवाला घातला होता. "दात न्हवतं तवापास्नं देते. चहात भिजवून."

"कुठला टोस्ट, आजी?"

"तुझ्याच बापाचा की गं! दुसरा कुठला? चहात मोडत न्हाय, म्हून लेकराच्या हातात देता येतो."

मिनाज उत्तरादाखल काहीतरी लिहीत राहिली. तिची मान वर आली नाही. चहा तिच्यापुढं तसाच होता, बशीत दोन टोस्ट ठेवलेले. तिनं पाहुणचार मोडायचा नाही म्हणून एक उचलला आणि खाल्ला. मला तिची इतकी कीव आली की बशीतला दुसरा मीच खाल्ला, तिच्या नजरेसमोरून जावा म्हणून.

त्याच गावात सिद्धलिंगअप्पांचा वाडवडिलार्जित दरारा. माजी सरपंच, आणि शाळांच्या दारात लटकणाऱ्या त्या रंगीत पाकिटांची, थंड पेयांच्या बाटल्यांची आसपासची सगळी एजन्सी त्यांची. त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा त्यांची सून उमादेवी पडवीत पोराची मान काथ्यानं घासत होती. पोरगा नऊ-दहा वर्षांचा, चांगला वजनदार, आणि रडकुंडीला आलेला. "कितीबी घासलं तरी मळ निघत न्हाय मॅडम," उमादेवी म्हणाली, "मान काळीच राहती."

मिनाजनं तिच्या हातातला काथ्या हळूच काढून घेतला. "वहिनी, हा मळ नाही. रक्तातली साखर अंगाला झेपेनाशी झाली की मानेची कातडी अशी होते. घासू नका, त्याला दुखतं. तपासून घ्या."

ही गोष्ट आम्ही बाहेर कुठं बोललो नाही. उमादेवीनं मला हल्लीच परवानगी दिली म्हणून लिहिते. पण अप्पांच्या कानावर ते घरातूनच गेलं, आणि आपल्या नातवाला ह्या पोरीनं आजारी ठरवलं म्हणून त्यांचं डोकं फिरलं.

आमचा नेम असा होता की ज्या गावात मोजलं त्या गावाला निकाल सांगायचा. मोजून पळून जायचं नाही. ह्या गावची सभा शाळेत ठरली. सभेच्या आधी अप्पा मुरुमला आमच्या कामाच्या खोलीवर आले, केळीचा घड घेऊन. आमची खोली म्हणजे औषधाच्या दुकानावरचा एक खण. अप्पा खुर्चीत बसले, मला ती खुर्ची सोडून सामानाच्या पेटीवर बसावं लागलं.

"बाळ, तू वजीरची लेक म्हंजे माझीच लेक," अप्पांनी सुरुवात केली. "अभ्यास तुझा चांगलाच हाय. पण सभेत पाकिटाचं कशाला? पोरं हौसंनं खात्यात. आता बघ, मी टोस्टचं नाव काढलं का कुठं? लेकराच्या तोंडात पहिल्यांदा काय जातं ते मलाबी ठाव हाय. तू माझं सांभाळ, मी तुझ्या बापाचं सांभाळतो. व्हय का न्हाय?"

मी मिनाजकडं बघितलं. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्या कागदांत पाकीट होतंच, पण त्याच्या आधी, दात यायच्या आधीपासून, चहा-टोस्ट होता. निम्म्याहून जास्त घरांत. आणि 'टोस्ट' एवढं म्हटलं तरी त्या भागात कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. त्या भट्टीवर वजीरभाईंचं घर चालायचं आणि दोन कामगारांची घरं. शिवाय मुरुमच्या टोस्टनं पोरं बिघडली, एवढंच सुटं करून कुणी फिरवलं, तर दिवस कसले आहेत ते मला कळत होतं. वजीरच्या लेकीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. टोस्टचं नाव घेतलं तर बापाची भट्टी धोक्यात, आणि नाही घेतलं तर राजपालच्या आजीला आपण अर्धंच सांगून आलो. दोन्हींतलं एकच काहीतरी होणार होतं.

मिनाजचा आवाज उतरला. "अप्पा, बरं झालं तुम्ही आलात. टोस्टचं कसं सांगावं ह्याचाच मी विचार करत होते. आता ठरलं. सगळ्यात आधी तेच सांगते."

अप्पा गेले. केळी राहिली. मी म्हटलं, "अगं, बापाला तरी आधी विचार." ती म्हणाली, "विचारणार नाही. सांगणार आहे."

आम्ही तशाच भट्टीवर गेलो. दुपारची वेळ, भट्टी निवलेली, वजीरभाई पाटावर बसून टोस्ट निवडत होते. कच्चे राहिलेले एकीकडं, जळके एकीकडं. त्या घरात आपसात दखनी उर्दू चालते, मला सगळी कळते.

"अब्बा, सभा में मैं टोस्ट का बी बोलनेवाली हूँ. छोटे बच्चों कू चाय-टोस्ट नको दो करके."

वजीरभाईंचे हात थांबले. "हमारे टोस्ट का?"

"हमारेच टोस्ट का."

वजीरभाईंनी हातातला टोस्ट जळक्यांत ठेवला. मग एवढंच म्हणाले, "इसीच टोस्ट पे तू पढी," आणि परत निवडायला लागले. नको बोलू, असं म्हणाले नाहीत. बोल, असंही म्हणाले नाहीत. तिची आई फरिदाबी दारात उभी होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाप-बेटी दोनों एकीच पीठ के हैं. मेरेच नसीब में दोनों आए." त्या संध्याकाळपासून वजीरभाईंनी लेकीशी बोलणं सोडलं.

सभेला शाळेचं अंगण भरलं होतं. एवढी माणसं ग्रामसभेला जमत नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं की काहीतरी फाटणार. मिनाजनं उभं राहून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अप्पांचा एक माणूस उठला. "लठ्ठपणाचं नंतर सांगा, मॅडम. आधी ह्या बाईला बारीक करून दाखवा." बोट माझ्याकडं. अंगणभर हशा.

मी उठले. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. "माझं वजन माझं मी बघते," मी म्हटलं. "मी लहान असताना मला बघून असेच सगळे हसले, आणि एकानंबी विचारलं न्हाई की पोरगी खाती काय, खेळती का न्हाई. ही विचारतीय. तुमच्या लेकरांचं नशीब थोर म्हणा आणि गप बसून ऐका." मग मी खाली बसले. खुर्ची कुरकुरली, पण कुणी हसलं नाही.

मिनाजनं सांगितलं. आकडे नाहीत, नावं नाहीत. ह्या गावातली निम्मी लेकरं हातापायानं वाळलेली आणि पोटानं सुटलेली आहेत. काही थोडी सगळ्याच अंगानं जड आहेत. दोघांचं दुखणं एकच, पोट भरतं पण अंगाला लागत नाही. शाळेच्या दारातलं पाकीट हे एक कारण. "आणि त्याच्याही आधीचं कारण मी सांगते, म्हणजे मागनं कुणी सांगायला नको. दात यायच्या आधी लेकरांना आपण चहात भिजवून टोस्ट देतो. तो टोस्ट मुरुमच्या वजीरच्या भट्टीचा आहे. वजीर माझे अब्बा. मी त्याच टोस्टवर शिकले. टोस्टमध्ये भेसळ नाही, घाण नाही, मोठ्या माणसानं चहासोबत खावा. पण तो मैदा आणि साखर आहे, तो लेकराचं जेवण नाही. चहासुद्धा नाही. माझ्या अब्बांचा आहे म्हणून मी तो वगळणार नाही, आणि अप्पांचं आहे म्हणून पाकीटही वगळणार नाही."

गलका उठला. अप्पा ओरडले, "मग आधी बापाची भट्टी विझव, जा!" तरणी पोरं मोबाइल धरून उभी. मला वाटलं, आता टेबल उलटणार. तेवढ्यात बायांच्या बाजूनं मालनबाई उठली. ती भांडायला उठली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"मंग मी त्याला चार-चार घातलं, ते चुकलं व्हय गं?"

मिनाज टेबलामागून निघाली आणि तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. "आजी, तुम्हाला वजन कमी आहे एवढंच सांगितलं. काय घालायचं ते कुणी नीट सांगितलंच नाही. चूक सांगणाऱ्यांची. माझ्यासारख्यांची." मग तिनं तिथंच सांगितलं, माइकवर नाही, मालनबाईला: भाकरी वरणात कुस्करून, शेंगदाण्याचा कूट घालून. मटकी. जमेल तेव्हा अंडं. ते सगळं मालनबाईच्या घरात होतंच. दोन-चार बाया जवळ सरकल्या, मग आणखी. अप्पांकडं बघत बसायला पुरुष तेवढे उरले. उमादेवी त्या बायांत होती. नंतर तिनं पोराला सोलापूरला नेऊन तपासून आणलं.

एवढ्यावर सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पाकिटं शाळेच्या दारात अजून लटकतात, फक्त फाटकापासून थोडी लांब. आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर एक तुकडा फिरायला लागला. त्यात मिनाज एवढंच म्हणते, "तो टोस्ट मुरुमच्या वजीरच्या भट्टीचा आहे." पुढचं-मागचं सगळं कापलेलं. खाली लोकांनी जे लिहिलं ते वाचून माझं रक्त उकळलं. काही गावांतून टोस्टचे डबे न उघडता परत आले. मी मिनाजला म्हटलं, पुढच्या गावात तरी नाव घेऊ नकोस. ती पुढच्या गावात गेली आणि पहिल्या वाक्यात वडिलांचं नाव घेतलं. त्याच्या पुढच्या गावातही. "तुकडा फिरवणाऱ्यांना मी काय भिते?" ती म्हणायची. भीत होती. हात थंड पडायचे तिचे, मी धरून बघितले आहेत. पण माघार तिनं घेतली नाही, आणि ह्यासाठी मी तिला मानते. पदव्या काय, पुष्कळांकडं असतात.

घरी मात्र बाप-लेकीत शब्द नव्हता. वजीरभाई तिच्या ताटात काय वाढलं ते बघायचे, ती वेळेवर घरी येते का ते फरिदाबीला विचारायचे, पण तिच्याशी बोलायचे नाहीत. एकदा मी एकटी दुकानात गेले तेव्हा त्यांनी मला खारी बांधून दिली आणि हळू आवाजात विचारलं, "मोनिकाबाई, तुम्ही खरं सांगा. लेकरांचे हात तसे असतेत? वाळलेले?"

मी त्यांना राजपालचं सांगितलं. अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, एवढा दंड.

"माझ्या मालात खोट न्हाई, बाई. बापजाद्यापासून न्हाई."

"खोट असती तर लेकरांनी थुंकला असता, वजीरभाई. चांगला आहे म्हणून तर भाकरी सोडतात."

ते माझ्या बोटांकडं बघत राहिले. खारीचे पैसे घ्यायचं त्या दिवशी विसरले.

परवाची गोष्ट सांगते. आम्हाला एका गावाला जायचं होतं, जीपची वाट बघत मी आणि मिनाज भट्टीच्या दुकानापाशी उभ्या होतो. ती बाहेर पायरीवर, वजीरभाई आत गल्ल्यावर, मध्ये काचेची बरणी. एक तरणी बाई आली, कडेवर लेकरू. लेकराच्या हाताची मूठ तोंडात.

"चाचा, पावशेर टोस्ट द्या."

वजीरभाईंनी टोस्ट मोजायला हात घातला आणि तसाच थांबवला. "कुणाला?"

"ह्यालाच की. भाकर खाईना झालाय."

"वय काय ह्याचं?"

"वरीस झालं आता."

"न्हाई मिळणार."

बाईला कळेचना. "संपले का?"

"हायत की. बरणी भरलीय. तुला घे, तुझ्या मालकाला घे, पावशेर काय किलोभर घे. ह्या लेकराला न्हाई मिळणार. त्याला वरणात भाकर कुस्करून घाल, पातळ करून. धा वेळा थुंकंल, अकराव्यांदा खाईल."

"चाचा, तुमाला दुकान चालवायचंय का न्हाय?" बाई चिडली. तिचं चुकलं नव्हतं. ती तरातरा रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात शिरली आणि तिथून रंगीत पाकीट घेऊन, लेकराच्या हातात देऊन, आमच्याकडं बघत निघून गेली.

मिनाज पायरीवर खिळून उभी होती. वजीरभाईंनी बरणीचं झाकण लावलं, फडक्यानं काच पुसली, आणि लेकीकडं न बघता, कित्येक दिवसांनी, तिच्याशी बोलले.

"ये बी लिख तेरे कागद में. गिऱ्हाईक सामने के दुकान कू गया करके."

"लिखतूं, अब्बा," ती म्हणाली. जीप आली, आम्ही चढलो, आणि पहिल्या वळणाच्या आत तिनं ते लिहिलं.